एचआयव्हीसह वार्धक्य : तग धरण्याची ताकद आणि तिची किंमत

"एचआयव्हीच्या ज्या रुग्णांसाठी तुम्ही वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे मदत मागितली होती, त्यांचे पुढे काय झाले?" असा प्रश्न जुन्या देणगीदारांकडून अधूनमधून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या स्वरात थोडा संकोच असतो. उत्तर दुःखद असणार, अशी मनाची तयारी त्यांनी केलेली असते. उत्तर असे आहे की, त्यांपैकी पुष्कळ जण आता म्हातारे झाले आहेत. कोणाला साठावे वर्ष लागले आहे, कोणी सत्तरीकडे झुकले आहे. गुडघे दुखतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, रक्तात साखर सापडली आहे. १९९०च्या दशकात या आजाराविषयी बोलताना वार्धक्य हा शब्द कोणाच्या मनातही येत नसे. म्हणून या वर्षीच्या अहवालात नेहमीच्या तक्त्यांबरोबर या विषयाचे थोडे सविस्तर निवेदन करावे, असे आम्ही ठरविले.

आरंभीच एक खुलासा करणे अगत्याचे आहे. वालूर हे सेलू तालुक्यातील मोठे गाव असले, तरी अखेर गावच आहे. दूरच्या देणगीदारांना ते येथील चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे ठाऊक असेल. जवळच्या वाचकांना येथील गल्ल्या आणि त्यांतील घरे ठाऊक आहेत. अमक्या गल्लीतील विधवा, दोन मुली, मुलगा पुण्यास, एवढ्या खुणा दिल्या तरी माणूस ओळखू येतो. त्यामुळे पुढील मजकुरात कोणाही एका रुग्णाची कथा नाही. अनेकांमध्ये जे समान आढळते, तेवढेच येथे सांगितले आहे. या लेखासोबत छायाचित्र नाही, त्याचेही कारण हेच.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नई येथे आढळला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ साली स्थापन झाली. विषाणूला रोखणारी तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती १९९६पासून श्रीमंत देशांत उपलब्ध होती. परंतु तिचा वर्षाचा खर्च एका रुग्णामागे दहा हजार डॉलरपेक्षा अधिक होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच औषधे वर्षाला सुमारे ३५० डॉलरमध्ये गरीब देशांत काम करणाऱ्या संस्थांना देऊ केली आणि जगभरचे गणित बदलले. तथापि आपल्या देशात शासनाची मोफत एआरटी योजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि तीही प्रथम निवडक मोठ्या रुग्णालयांतच. या तारखांमधील अंतर वाचकांनी कृपया लक्षात घ्यावे. आज आमच्याकडे येणाऱ्या अनेक वयस्क स्त्रियांचे पती याच अंतरात गेले. औषध जगात होते, परभणी जिल्ह्यातील शेतमजुराच्या घरात नव्हते.

पतीच्या आजारपणात या स्त्रीची तपासणी झाली आणि तिलाही संसर्ग असल्याचे कळले. तेव्हा तिचे वय तीस-पस्तिशीचे. पदरी दोन-तीन मुले. आजारात असलेली जमीन गहाण पडलेली किंवा दिरांनी ताब्यात घेतलेली. तिला सांगण्यात येई की, तुझ्याकडे चार-पाच वर्षे आहेत. त्या काळच्या नियमानुसार सीडी-४ पेशींची संख्या २००च्या खाली उतरल्यावर किंवा गंभीर आजार जडल्यावरच औषध सुरू होई, म्हणजे पुरेसे आजारी पडण्याची वाट पाहावी लागे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २०१७ साली निदान होताच उपचार हे धोरण स्वीकारले गेले.

पहिल्या पिढीच्या गोळ्यांविषयीही सांगितले पाहिजे. त्यांत स्टॅव्हुडिन नावाचे औषध असे. त्याने जीव वाचले, यात शंका नाही. पण दीर्घकाळ घेतल्यास गालांवरील आणि हातापायांवरील चरबी झडत असे, शिरा वर येत, तळपायांना सतत मुंग्या व जळजळ होई. बसलेल्या गालांवरून गाव ओळखत असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हे औषध हळूहळू बंद करण्याचा सल्ला दिला आणि नंतर ते आपल्याकडेही मागे पडले. मात्र पायांची ती जळजळ काहींना आजही आहे. थंडीत ती वाढते, असे ते सांगतात.

अशा स्थितीतून जी माणसे उभी राहिली, त्यांच्या अंगच्या गुणास इंग्रजीत रेझिलियन्स म्हणतात. मराठीत आपण तग, चिवटपणा, उभारी असे शब्द वापरतो. आम्हांस तग हा शब्द अधिक योग्य वाटतो, कारण त्यात वीरश्री नाही. या विषयाचा अभ्यास प्रथम लहान मुलांविषयी झाला. हवाई बेटसमूहातील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम, इतरांची काळजी घेणारी प्रौढ माणसे झाली. त्यांच्या वाट्याला काय आले होते हे शोधता, कुटुंबातील किंवा बाहेरचे निदान एक भरवशाचे माणूस हा धागा वारंवार सापडला. अ‍ॅन मास्टेन या अभ्यासिकेने २००१ साली या शक्तीचे वर्णन साधीसुधी जादू अशा अर्थाच्या शब्दांत केले. असामान्य माणसांजवळ असलेला हा असामान्य गुण नाही. जेवण, झोप, नाती, काम यांची साधी घडी शाबूत राहिली की तो उगवतो, असा त्याचा भावार्थ.

वालूर परिसरातील आमचा अनुभव याहून वेगळा नाही. जे टिकले, त्यांनी गोळीला दिवसाच्या घडीत बसविले. रात्रीचे जेवण, दूरचित्रवाणीवरील मालिका आणि गोळी, असा क्रम वीस वर्षे चुकलेला नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावर वस्ती पडली तर गोळी कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीशेजारी. (तंबाखूविषयी आमचे वेगळे म्हणणे आहे, ते रुग्ण ऐकून घेतात आणि हसतात.) पंढरीच्या वारीत गोळ्या पिशवीत असतात आणि दिंडीतल्या कोणाला त्या रक्तदाबाच्या वाटतात. दुसरे म्हणजे, या माणसांना कोणासाठी तरी जगणे भाग होते. मुलांची शाळा, मुलीचे लग्न, नंतर नातवंडे. आईबाप दोघेही गेलेल्या नातवंडांना वाढविणारी आजी हीही या आजाराने निर्माण केलेली एक व्यक्ती आहे, मग तिला स्वतःला संसर्ग असो वा नसो. तिसरे म्हणजे काम. शेळ्या, शिवणयंत्र, दुसऱ्याच्या शेतातील खुरपणी. काम थांबले की प्रकृती ढासळते, असे ते स्वतःच सांगतात.

आणि चौथी गोष्ट म्हणजे मौन. आजार कोणालाही न सांगणे. हा सर्वांत जुना आणि सर्वांत उपयोगी पडलेला उपाय. पंचवीस वर्षांपूर्वी सांगण्याचे परिणाम त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. वेगळे ताट, वेगळा तांब्या, गोठ्यातील बाज, मुलीचे मोडलेले लग्न. ज्यांनी तोंड बंद ठेवले, त्यांचे घर टिकले. त्यांना यासाठी दोष देण्याचा अधिकार कोणास नाही.

या अहवालात आम्हांस जे मुख्यत्वे सांगायचे आहे, ते येथेच आहे. ज्या मौनाने या माणसांना साठीपर्यंत आणले, तेच मौन साठीनंतर त्यांच्या जिवावर उठू लागले आहे.

न्यूयॉर्क येथे २००६ साली पन्नाशीपुढील सुमारे एक हजार एचआयव्हीबाधितांचा मोठा अभ्यास झाला. त्यात दहांपैकी सुमारे सात जण एकटे राहत असल्याचे आढळले आणि खिन्नतेचे प्रमाण फार मोठे होते. तेथील सेवासंस्थांनी मग सहभोजने, भेटीगाठी यांवर भर दिला. आपल्याकडे चित्र उलटे दिसते. आजी एकटी राहत नाही. घरात मुलगा, सून, नातवंडे, कधी दीरही आहेत. ओसरी माणसांनी भरलेली आहे. एकटे आहे ते गुपित. गोळीची बाटली धान्याच्या कोठीत, कपाटातील साडीच्या घडीत, देवघरामागे. बाटलीवरील कागद ओला करून काढून टाकलेला. भरल्या घरातील हा एकटेपणा बाहेरून येणाऱ्या पाहुण्यास दिसत नाही आणि कोणत्याही पाहणीत तो सहजासहजी मोजला जाणार नाही.

तरुणपणी एकच आजार आणि एकच दवाखाना होता. जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्रात जावे, गोळ्या आणाव्यात, परत यावे. वय वाढले तसे दवाखाने वाढले. साखरेसाठी एक डॉक्टर, गुडघ्यांसाठी दुसरे, छातीत जळजळ होते म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच आणलेले औषध. यांपैकी कोणालाही एचआयव्हीच्या गोळीविषयी माहिती नसते, कारण ती सांगितलेलीच नसते.

याचा धोका नेमका काय, ते स्पष्ट केले पाहिजे. २०२० नंतर आपल्या देशात बहुसंख्य प्रौढ रुग्णांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे असलेली एकच गोळी दिली जाते. गोळी उत्तम आहे; पूर्वीच्या औषधांच्या मानाने त्रास फार कमी. परंतु डोल्युटेग्रॅव्हिरमुळे मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून मेटफॉर्मिनची मात्रा साधारणपणे दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवावी, अशी शिफारस आहे. साखरेच्या डॉक्टरांना एचआयव्हीची गोळी ठाऊक नसेल, तर ते साखर आटोक्यात येईना म्हणून मात्रा वाढवितील, आणि त्यांचे त्यात काहीच चुकणार नाही. कॅल्शियम, लोह आणि छातीतील जळजळीवरील पातळ औषधे यांच्यामुळे उलट डोल्युटेग्रॅव्हिरचे शोषण कमी होते. अशी औषधे घेण्यापूर्वी निदान दोन तास किंवा घेतल्यानंतर सहा तासांनी ही गोळी घ्यावी. कॅल्शियम वा लोह जेवणाबरोबर घ्यायचे असल्यास मात्र गोळी सोबत घेतली तरी चालते. टेनोफोव्हिरचा मूत्रपिंडांवर आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो. त्यात गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांची भर पडली, की मूत्रपिंडांवरील भार फार वाढतो. दिवसभर वाकून खुरपणी करणाऱ्या बाईस संध्याकाळी ती गोळी घेऊ नको म्हणणे सोपे नाही. तिला पर्याय द्यावा लागतो आणि वर्षातून एक-दोनदा क्रिएटिनिन तपासावे लागते. हे दोन्ही तेव्हाच शक्य, जेव्हा एका तरी डॉक्टरास तिच्या सर्व गोळ्या ठाऊक असतील.

हृदयाचेही असेच आहे. विषाणू औषधाने दबला तरी शरीरात सूक्ष्म दाह वर्षानुवर्षे चालू राहतो आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा वाढतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या रिप्रीव्ह या अभ्यासात भारतासह बारा देशांतील ७,७६९ एचआयव्हीबाधित व्यक्ती होत्या. वय ४० ते ७५. पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलवरील गोळी रोज घेतल्याने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे पन्नाशीपुढील बाधित व्यक्तीच्या छातीत कळ आली, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना हे ठाऊक असणे हिताचे आहे.

मोतीबिंदूचे उदाहरण आम्हांस सर्वांत अधिक बोलके वाटते. मोफत नेत्रशिबिराची गाडी गावात येते, नावे नोंदविली जातात. घरातील मंडळी म्हणतात, "आई, नाव द्या की." आई म्हणते, "दिसते मला तेवढे पुरे." शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी असते, हे तिला ठाऊक आहे. तपासणीचा कागद मुलाच्या हाती पडेल, ही तिची भीती. ती अंधुक डोळ्यांनी चूल पेटविते, उंबऱ्यावर अडखळते आणि गोळ्या मोजताना दोन बाटल्यांत गल्लत करते. चिवटपणाची जी स्तुती आपण एरवी करतो, तिचे हे दुसरे अंग आहे.

याशिवाय आणखी एक गट आहे, ज्यांना आजार असल्याचे म्हातारपणीच कळते. पासष्टीच्या माणसाचे वजन उतरले, ताप येऊ लागला, तोंडात पांढरा थर आला, तर वयाकडे, क्षयाकडे, दातांच्या कवळीकडे बोट दाखविले जाते. या वयात एचआयव्हीची शंका डॉक्टरांच्या मनातही उशिरा येते. तोवर सीडी-४ पेशी फार उतरलेल्या असतात आणि उतारवयात त्या भरून येण्यास अधिक काळ लागतो. अशा व्यक्तीजवळ वीस वर्षांचा सराव नसतो. तिला तग धरणे नव्याने शिकावे लागते. जुन्या रुग्णांपैकी कोणी तयार असेल, तर त्याच्याशी किंवा तिच्याशी भेट घालून दिल्याने जे साधते, ते आमच्या समुपदेशकांच्या दहा बैठकांनी साधत नाही, हे आम्ही आनंदाने नमूद करतो.

मग रुग्णालयाने करावे काय? सर्वांनी आजार जाहीर करावा, असे आम्ही कधीही सांगत नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार संमतीवाचून तपासणी करता येत नाही, लेखी संमतीवाचून कोणाचा आजार उघड करता येत नाही, आजारामुळे उपचार नाकारता येत नाहीत आणि बाधित व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. हा कायदा आमच्या समुपदेशन कक्षात मराठीत लावलेला आहे. परंतु कायद्याने दार उघडे राहते. दारातून आत कोणास घ्यायचे, ते ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. आमचे सांगणे एवढेच असते की, आजवर शून्य माणसांना ठाऊक आहे, तर आता एका माणसाला ठाऊक असू द्या.

बहुतेक वेळा तो पहिला माणूस डॉक्टर असतो. ज्येष्ठ रुग्णांना आम्ही घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणावयास सांगतो. आयुर्वेदिक चूर्ण, दुकानातील गोळ्या, शेजारणीने दिलेल्या गोळ्या, सर्व काही. पिशवी टेबलावर रिकामी केली की पुष्कळ उलगडा होतो. रक्ताचे अहवाल केवळ रुग्णाच्या हाती, बंद पाकिटात दिले जातात. शस्त्रक्रियागृहात प्रत्येक रुग्णासाठी समान सावधगिरी पाळली जात असल्याने कोणाच्या कागदावर वेगळी खूण करावी लागत नाही.

कुटुंबीयांच्या मनातील शंकांनाही येथे उत्तर देणे इष्ट होईल. एकत्र जेवल्याने, एकाच न्हाणीघरात स्नान केल्याने, नातवंडास मांडीवर घेतल्याने हा संसर्ग होत नाही. आजीचे पाय चेपावेत, तिची लुगडी इतरांच्या कपड्यांत धुवावीत. जखम वा रक्त हाताळताना हातमोजे घालावेत, जसे कोणाच्याही रक्ताबाबत घालावेत. २०११ साली जाहीर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. वेळेवर उपचार घेतल्यास जोडीदारास होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले; पुढील अभ्यासांतून रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी असल्यास लैंगिक संबंधांतूनही संसर्ग होत नाही, हे निश्चित झाले. ज्या घरात ताट वेगळे केले गेले होते, त्या घरातील लोकांनी हे विशेष लक्षपूर्वक वाचावे, अशी विनंती आहे. अधिक माहितीसाठी १०९७ हा शासनाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.

देणगीचा विनियोग कोठे होतो, हे विचारणे देणगीदारांचा हक्कच आहे. एआरटीच्या गोळ्या शासन मोफत देते. त्यासाठी आपला एक रुपयाही खर्च होत नाही. खर्च होतो तो गोळीभोवतीच्या गोष्टींवर : समुपदेशकाचे मानधन, चष्मे, रक्तातील चरबी आणि हाडांच्या तपासण्या, परभणीपर्यंतचे भाडे. एचआयव्हीबाधितांना एसटीच्या प्रवासात सवलत आहे, ही गोष्ट खरी. परंतु त्यासाठी भरल्या गाडीत वाहकापुढे प्रमाणपत्र धरावे लागते, आणि शेजारच्या बाकावर गावचाच माणूस बसलेला असतो. त्यामुळे कित्येक जण पूर्ण पैसे देऊन तिकीट काढतात. मार्च २०२३ पासून स्त्रियांना सरसकट निम्मे भाडे झाले, त्याचा आमच्या महिला रुग्णांना जो लाभ झाला तो याच कारणाने मोठा आहे. त्यात काही दाखवावे लागत नाही. संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा अनुदान २०२३ साली एक हजारावरून दीड हजार रुपये झाले. त्याचे अर्ज भरून देण्याचे काम आमचे समाजसेवक करतात आणि अर्जात कारण कोणते लिहावे, यावर रुग्णाशी बराच वेळ बोलतात. विधवा म्हणून अर्ज करता येत असेल, तर बहुतेक जणी तोच मार्ग पसंत करतात.

एका प्रश्नावर यंदा आम्ही विशेष लक्ष दिले. वय आणखी वाढेल. पक्षाघाताचा झटका येईल, स्मरण कमी होईल, वाचा जाईल. ज्या बाईने वीस वर्षे एकही गोळी चुकविली नाही, तिची बाटली साडीच्या घडीतच राहील, कारण ती तेथे आहे हे घरात कोणालाच ठाऊक नाही. काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढू लागेल आणि भोवतालची प्रेमळ माणसे तिला दूध-भात भरवीत राहतील. यासाठी आम्ही एक साधा संमतिपत्राचा नमुना तयार केला आहे. "मला बोलता येईनासे झाल्यास माझ्या औषधांविषयी पुढील व्यक्तीस सांगावे", एवढेच त्यावर छापले असून खाली एका नावाची जागा आहे. पत्र रुग्णालयात कुलपात राहते आणि केव्हाही बदलता वा फाडता येते. ती एक ओळ भरण्यास रुग्णांना फार वेळ लागतो. कोणी कागद घरी नेतात आणि तीन भेटींनंतर कोराच परत आणतात. मुलाचे नाव येईल अशी आमची अपेक्षा होती. पुष्कळदा तेथे सुनेचे नाव लिहिलेले असते.